मौतीला चार माणसं

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळाला स्वतःचं छप्पर नाही. त्यामुळे हळदीकुंकू एका शाळेच्या कॅफेटेरियात, दिवाळी चर्चच्या तळघरात आणि बाकीचं बरंचसं 'सन्स ऑफ इटली' या इटालियन-अमेरिकन संघटनेच्या लॉजमध्ये, म्हणजे शाखेच्या सभागृहात. भाडं परवडतं, पार्किंग ऐसपैस, आणि स्वयंपाकघरातली पातेली अशी की दोनशे माणसांचा मसालेभात एका दमात व्हावा. इमारत बैठी, विटांची. दारात दोन झेंडे, मागच्या अंगाला बोचे या चेंडूंच्या इटालियन खेळाची लांबट पट्टी. आत एक बार, एक छोटं स्टेज आणि भिंतभर फोटो. फोटोंत मिशाळ, गंभीर पुरुषांच्या रांगा. प्रत्येकाच्या छातीवर वीतभर लांबीचा रंगीत बिल्ला. आपल्याकडच्या सहकारी बँकेच्या संचालक मंडळासारखा थाट.

तसाच एक बिल्ला तिथल्या काचेच्या कपाटात आहे. किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारे लॉजचेच एक इटालियन काका आहेत, ऐंशीच्या पुढचे. एकदा आम्ही खुर्च्या मांडत असताना त्यांनी तो बाहेर काढून उलटा करून दाखवला. पुढून हिरवा-पांढरा-लाल, सोनेरी झालर. मागून काळाभोर, त्यावर चंदेरी अक्षरं. मिरवणुकीला रंगीत बाजू, मयताला काळी. त्या काळात अमेरिकेतल्या कितीतरी मंडळांचे बिल्ले असे दुतोंडी असत. वेगळा सुतकी बिल्ला करवून घ्यायचा खर्च वाचे हे खरंच, पण मला वाटतं काळी बाजू इतक्या वारंवार लागत असेल की ती खिशात ठेवण्यापेक्षा छातीवरच बरी.

मग मी या लॉज प्रकरणाच्या मागे लागले.

1901 ते 1910 या दहा वर्षांत वीस लाखांच्या आसपास इटालियन माणसं अमेरिकेत उतरली. बहुतेक दक्षिणेकडची: सिसिली, कालाब्रिया, नेपल्सचा मुलूख. कोरडवाहू जमीन, वर जमीनदार. बापय आधी यायचे, एकटे. गटारं, भुयारी रेल्वे, बांधकाम, गोदी अशी अंगमेहनतीची कामं. दरड कोसळली, मचाण मोडलं, की विषय संपला. सरकारी भरपाई नाही, निवृत्तिवेतन नाही. मॅनहॅटनमधल्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत 25 मार्च 1911 रोजी 146 जीव गेले, त्यात बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली. त्यानंतर कायदे हलू लागले. त्याआधी परक्या देशात मेलेल्या माणसाला पुरायचं कोणी, आणि पैसे कुठून, हा अगदी रोखठोक प्रश्न होता.

गिरणगावात ज्यांचे आजोबा राहिले त्यांना हे वेगळं सांगायला नको. लालबाग-परळच्या चाळींत गावकऱ्यांच्या खोल्या असत. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारी वीस-तीस माणसं, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक खुंटी. महिन्याची वर्गणी, वर्षाची सत्यनारायणाची पूजा, आणि कोणी गेलं तर मौत-मातीचा खर्च आणि गावाकडे तार. माझे आजोबा सावंतवाडीकडचे, तसल्याच एका खोलीत राहिलेले. खोलीचा हिशेब एका लाल वहीत असे म्हणतात. न्यूयॉर्कमध्येही हुबेहूब हेच होतं. एकेका गावाचं एकेक मंडळ, त्या गावच्या संताच्या नावाचं. दरमहा थोडे सेंट भरायचे. आजारी पडलं तर मदत, मेलं तर पेटी, बँड आणि मागून चालणारे सभासद. काही मंडळांत तर सभासदाच्या अंत्ययात्रेला गैरहजर राहिलं की दंड! मला हा नियम फार आवडला. प्रेमाने येतील तेव्हा येतील, निदान दंडाला घाबरून तरी चार माणसं येतील, असं ओळखून असलेला हा शहाणपणा खास गावठी आहे.

पण गावाच्या मंडळाची शक्तीही गावाएवढीच. एलिझाबेथ रस्त्यावर सिसिलीची माणसं, शेजारच्या मलबेरी रस्त्यावर नेपल्सकडची, आणि दोघांत विळ्याभोपळ्याचं सख्य. एकमेकांची बोली धड कळत नाही, सोयरीक तर दूरच. इटली नावाचा देश 1861 साली तयार झाला खरा, पण तो नकाशावर. बोटीतून उतरणाऱ्याला 'कुठला?' विचारलं तर तो गावाचं नाव सांगे. ते सगळे इटालियन आहेत हे त्यांना आधी अमेरिकनांनी सांगितलं, तेही शिव्या घालून. 14 मार्च 1891 रोजी न्यू ऑर्लीन्समध्ये जमावाने तुरुंगात घुसून 11 जणांना ठार मारलं, तेव्हा तू सिसिलीचा का अजून कुठला, हे कोणी विचारत बसलं नव्हतं.

व्हिन्चेंझो सेल्लारो हा सिसिलीतल्या पोलिझ्झी जेनेरोसा गावचा डॉक्टर. 1897 मध्ये न्यूयॉर्कला आला आणि लिटल इटलीत दवाखाना चालवू लागला. डॉक्टरकडे सगळ्या गल्ल्यांतली माणसं येतात, त्यामुळे भांडणं किती फोल आहेत ते त्याला लवकर दिसलं असावं. 22 जून 1905 रोजी त्याने आणखी पाच जणांना घेऊन 'इटलीचे सुपुत्र' म्हणजेच 'सन्स ऑफ इटली' ही संघटना काढली. ते पाच जण कोण? एक औषधविक्या, एक वकील, एक शिल्पकार आणि दोन न्हावी. मला त्या दोन न्हाव्यांचं कौतुक वाटतं. डॉक्टर-वकील पत्रकावर शोभतात, पण गल्लीतली खबर आणि माणूस न्हाव्याच्या खुर्चीतच सापडतो. त्यांच्यावाचून सभासद कोणी गोळा केले असते?

रचना त्यांनी फ्रीमेसन या जुन्या गुप्त बंधुसंघाच्या मंडळींकडून उचलली: गावोगावी लॉज, राज्याचं एक ग्रँड लॉज, सगळ्यांच्या वर सुप्रीम लॉज. अध्यक्षाला 'आदरणीय' म्हणायचं. रोजंदारीवर खडी फोडणाऱ्या माणसाला आठवड्यातून एक संध्याकाळ कोणीतरी 'आदरणीय' म्हणतंय, यासाठी वर्गणी म्हणजे काहीच नाही. पण मतलबाची गोष्ट वेगळीच होती. सिसिलीचा आणि नेपल्सचा माणूस एकाच पेटीत पैसे टाकू लागला. एकाच्या मयताला दुसरा चालू लागला. देश असा झाला, गीतं गाऊन नव्हे.

लॉजची नावं मात्र मोठमोठी: दांते, कोलंबस, मार्कोनी, गॅरिबाल्डी. इटली एक व्हावी म्हणून झटलेले गॅरिबाल्डी आणि मॅझिनी आपल्याकडेही जुन्या घरांत ओळखीचे. सावरकरांनी मॅझिनीच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर केलं ते 1907 साली छापून आलं, म्हणजे सेल्लारोचं लॉज तेव्हा दोन वर्षांचं होतं. हा गॅरिबाल्डी रोमचं प्रजासत्ताक पडल्यावर 1850 मध्ये न्यूयॉर्कला आला आणि स्टेटन आयलंडवर आंतोनिओ मेउच्ची नावाच्या खटपट्या संशोधकाच्या घरी राहून मेणबत्त्या करत होता. पुढे मेउच्चीने बोलणाऱ्या तारेची कल्पना 1871 मध्ये पेटंट कार्यालयात नोंदवली, पण पूर्ण पेटंट काही घेतलं नाही, आणि ती नोंदही 1874 नंतर पुढे चालू राहिली नाही. 1876 मध्ये बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं. ते घर आज 'सन्स ऑफ इटली'चं संग्रहालय आहे, आणि 2002 मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने मेउच्चीच्या कामाची दखल घेणारा ठराव केला. लॉजमध्ये चुकूनही टेलिफोनचा विषय काढू नये. काकांची पुढची वीस मिनिटं पक्की.

एका विषयावर मात्र ते फार बोलत नाहीत. मुसोलिनी सत्तेवर आल्यावर संघटनेच्या राष्ट्रीय नेत्यांनी त्याला उघड पाठिंबा दिला. सरसकट दोष द्यायला मला जड जातं. वर्षानुवर्षं हिणवलेल्या माणसाला आपला देश जगात दरारा दाखवतोय म्हटल्यावर चढणारी नशा आपणही ओळखतो, दूर राहणारे तर जास्तच. तरी 1925 मध्ये फिओरेल्लो ला ग्वार्दिया आणि न्यायाधीश साल्वातोरे कोतिल्लो यांच्यासारख्यांनी हे मानायला नकार दिला आणि न्यूयॉर्कची मंडळी वेगळी निघाली. ला ग्वार्दिया पुढे न्यूयॉर्कचा महापौर झाला. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा ज्यांच्याकडे नागरिकत्वाचे कागद नव्हते असे सुमारे सहा लाख इटालियन 'शत्रू देशाचे' ठरले. मुलगा अमेरिकेच्या सैन्यात आणि आईला घरात रेडिओ ठेवायची बंदी, अशीही घरं होती. 1942 च्या कोलंबस दिनी ते निर्बंध उठवल्याची घोषणा झाली. मधल्या काळात घराघरांत इटालियन बोलणं थांबलं ते थांबलंच. काका इंग्रजीच बोलतात. आईची बोली त्यांना कळते, बोलता येत नाही.

लॉजचं खरं काम संपवलं ते वेगळ्याच गोष्टींनी. 1924 च्या कायद्याने इटलीतून येणाऱ्यांचा वर्षाचा कोटा चार हजारांच्याही खाली आणला, म्हणजे नव्या रक्ताची वाट बंद. 1935 मध्ये सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन आलं. मग कारखान्यांचे विमे, युनियन, उपनगरातली घरं. मयताच्या पेटीसाठी वर्गणी भरायची गरज उरली नाही. मग उरलं काय? पास्ता, बोचे, शिष्यवृत्त्या, थॅलसेमियाच्या संशोधनासाठी देणग्या, कोलंबसाचा पुतळा ठेवायचा की हलवायचा यावरची भांडणं. त्याला आता 'वारसा' म्हणतात. 2017 पासून संघटनेच्या नावात मुलीही आल्या. तसं पाहिलं तर पातेली नेहमी त्यांच्याच हातात होती.

माझं असं मत झालंय की गरज मेली की वारसा जन्माला येतो. लाल वहीतल्या माणसांना कोणी संस्कृती जपा म्हणून सांगितलं नव्हतं. त्यांना उद्या कोण खांदा देईल एवढीच काळजी होती, आणि त्या काळजीतून भजनं, मिरवणुका, नाटकं आपोआप निघाली.

आम्ही मराठी माणसं इथे आलो ती दुसऱ्या टोकाने. 1965 च्या स्थलांतराच्या कायद्यानंतर डॉक्टर, इंजिनिअर, पुढे संगणकवाले. पहिल्या दिवसापासून पगार आणि आरोग्यविमा. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ 1969 चं, सगळ्या मंडळांचं मिळून झालेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 चं. आमच्या मंडळांची सुरुवातच गणपती, नाटक आणि अधिवेशनापासून, म्हणजे इटालियन जिथे पोचले तिथून. आम्हाला एकमेकांची गरज होती ती चकल्या चांगल्या कोण करतं इतपतच.

आता मात्र पहिली फळी पंचाहत्तरी-ऐंशीत आहे. मुलं कॅलिफोर्नियात, नवरा गेलेला, मोठ्या घरात एकटी बाई, बाहेर बर्फ. व्हॉट्सॲप गटावर हल्ली मोदकाच्या साच्यांबरोबर वेगळे प्रश्न येतात. इस्पितळातून घरी सोडायला कोणी आहे का? अंत्यविधी सांगणारे गुरुजी कोणाच्या ओळखीचे आहेत का? विद्युत दाहिनीची वेळ कामाच्या दिवशी सकाळची मिळाली आहे, कोण येऊ शकेल? शेवटच्या प्रश्नाखाली हात जोडलेल्या खुणा चाळीस, येतो म्हणणारे तीन.

काकांना मी हे सांगितलं. त्यांनी नेहमीच्या शांतपणे विचारलं, "तुमच्यात दंड नाही का?"

गेल्या कार्यकारिणीत मी विषय मांडला: वर्षाला दहा डॉलर वेगळे काढायचे, पाळी लावून चार माणसांची यादी ठेवायची, कोणाच्या घरी गरज पडली तर त्या आठवड्यातल्या चौघांनी जायचंच. दंडाबद्दल मी गप्प राहिले. खजिनदार म्हणाले, कल्पना छान आहे, पण सणासुदीच्या बैठकीत मयताचं नको. एका काकूंनी मात्र हात वर केला आणि पहिल्या यादीत माझं नाव घाला म्हणाल्या. त्या स्वतः ब्याऐंशीच्या आहेत, गाडी चालवत नाहीत. त्यांना न्यायला-आणायला कोण येणार यावर पुढची पंधरा मिनिटं चर्चा झाली, आणि तेवढ्यात पुरणपोळ्यांचा विषय निघाला.