जिन्याखालचं खोकं

मे महिना, सकाळचे सव्वादहा. जळगावच्या एमआयडीसीत आमचा चटईचा कारखाना, मी तिथलं ऑफिस सांभाळतो. अकाउंटच्या ताईंनी हाक मारली, "भाऊ, हे बघा जरा." मेलमध्ये दोनच ओळी. आवारात बॉम्ब ठेवलाय, एकला फुटेल. ताईंचा हात डिलीटवरच होता. "असेल कुणीतरी रिकामटेकडा."

मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू! पण ते ठरवणारे आपण कोण? मेल जागेवर राहू दिला. उत्तर नाही, डिलीट नाही. मेल कुठून निघाला याचा माग मूळ प्रतीतच असतो, नुसत्या स्क्रीनशॉटवरून तो लागत नाही. ११२ ला फोन लावला. उत्तर आलं: माणसं बाहेर काढा, अनोळखी वस्तूला हात लावू नका.

आपापली पिशवी, डबा घेऊनच निघा, असं सगळ्यांना बजावलं. मागे राहील ते बिनमालकाचं, एवढा हिशोब सोपा होतो. दारं उघडी ठेवली. अडले फक्त एक्सट्रूडरवरचे, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या मशीनवरचे नाना. "भो, मशीन असं बंद केलं तर माल बॅरलमध्ये बसंल. स्क्रू उतरवावा लागंल." बॉम्बपेक्षा त्यांना बॅरलची धास्ती! शेवटी मीच मेन स्विच पाडला. नाना माझ्याशी एक शब्द न बोलता बाहेर गेले.

जमायच्या जागेची पाटी आमच्याकडे आहे, पण ती पार्किंगमध्ये. पन्नास गाड्यांच्या मधोमध माणसं उभी करायची? कुठल्या डिक्कीत काय, कुणाला ठाऊक! सगळ्यांना लांब, रस्त्यापलीकडच्या निंबाखाली नेलं. ऊन मी म्हणत होतं. हजेरीवर ६४, सावलीत ६१. दोघे टपरीवर सापडले. तिसरा सकाळीच हाफ डे टाकून घरी गेलेला, आणि ते रजिस्टरात लिहायचं मीच विसरलो होतो. ती दहा मिनिटं कशी गेली ते सांगत नाही.

बॉम्ब शोधक पथक कुत्रा घेऊन आलं. साहेबांनी मला सोबत घेतलं आणि एकच विचारलं, "यात तुमचं नसलेलं काय?" कुत्रा वास घेईल, यंत्र धातू दाखवेल, पण कुठली वस्तू परकी ते तिथल्याच माणसाला कळणार. आणि मला सांगता येईना. जुने पंखे, वायरींचे भेंडोळे, तुटके यूपीएस. वर्षानुवर्षं "राहू द्या, लागेल" म्हणत साठवलेलं. जिन्याखाली चिकटपट्टी मारलेलं एक खोकं होतं. ते कुणाचं, मी छातीठोक सांगू शकलो नाही. मला बाहेर पाठवलं. त्या खोक्यापायी चाळीस मिनिटं गेली.

आत २०२३ ची कॅलेंडरं निघाली. मीच छापून घेतलेली.

एक वाजून गेला तरी कुणी आत जायची घाई केली नाही. पथकाने लेखी दिल्यावरच गेट उघडलं. मग पोलीस ठाण्यात जबाब. निनावी धमकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१(४) लागतं, हे तिथे कळलं. मेल पाठवणारा अजून सापडलेला नाही.

नानांचं बॅरल साफ व्हायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. जिन्याखालची जागा मी त्याच आठवड्यात रिकामी केली. कॅलेंडरं रद्दीवाल्याने नेली, वजनावर.