तुम्ही विचारलंत म्हणून: नववीतल्या मुलाला काय वाचायला द्यायचं?

परवा राम मारुती रोडवर भेटलात तेव्हा तुम्ही विचारलंत, "मुलगा नववीत गेला, मराठी अजिबात वाचत नाही. एखादं चांगलं पुस्तक सांगा ना." मी घाईत होते, "सांगते" म्हणून निघाले. इथे ठाण्यात, पाचपाखाडीला, मी एकोणीस वर्षं मराठीच्या शिकवण्या घेते आहे आणि दर जूनमध्ये हा प्रश्न मला चार-पाच आया आणि एखादे बाबा विचारतातच. रस्त्यात उभ्या उभ्या दोन नावं सांगता आली असती. पण नुसती नावं सांगून पुस्तक विकत घेतलं जातं, वाचलं जात नाही. म्हणून सवडीने लिहिते आहे.

आधी माझ्याकडून झालेली चूक सांगते. शिकवणी सुरू करून चार-पाच वर्षं झाली असतील. घोडबंदर रोडवरून एक मुलगा यायचा, चौदा वर्षांचा, इंग्रजी माध्यमाचा, डोक्याने तल्लख. मी त्याला मोठ्या प्रेमाने 'श्यामची आई' दिलं. तीन आठवड्यांनी पुस्तक परत आलं. खुणेसाठी घातलेलं टीएमटी बसचं तिकीट आतच राहिलं होतं, पहिल्या दहा-बारा पानांतच कुठेतरी. "आवडलं नाही का रे?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काकू, मला वाचता येतं, पण दमायला होतं."

हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. तोच मुलगा इंग्रजीतल्या सहाशे पानी कादंबऱ्या आठवड्यात संपवत होता. मराठीत मात्र त्याचे डोळे एकेका अक्षरावर, एकेका जोडाक्षरावर अडखळत होते. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटून जात होती. मन चौदा वर्षांचं आणि वाचायचा वेग तिसरीतल्या मुलाचा. आपल्याकडची निम्मी-अधिक मुलं आज अशीच आहेत. घरात मराठी बोलतात, मराठीत भांडतात, पण छापील मराठी त्यांना पाठ्यपुस्तकापलीकडे भेटतच नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, ते चांगलंच झालं. पण तासापुरतं वाचून डोळ्यांना ओघ येत नाही. त्याला पानांमागून पानं वाचायला लागतात.

आणि आपण करतो काय? वेग कमी आहे म्हणून त्याला मोठ्या टायपातली ससा-कासवाची पुस्तकं देतो. त्याच्या मनाला तो अपमान वाटतो. नाहीतर आपल्या लहानपणी आपण रडत रडत वाचलेलं पुस्तक देतो आणि त्यात तो दमतो. 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते आणि त्यांची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. गेलेल्या आईसाठी एका मोठ्या माणसाचा जीव तुटतो आहे. ज्याची आई स्वयंपाकघरातून "गणिताचं काय झालं?" विचारते आहे, त्या मुलाला हे पुस्तक म्हणजे आपल्यालाच बोल लावल्यासारखं वाटतं. मोठेपणी ते त्याच्या हाती आपोआप येईल. चौदाव्या वर्षी लादू नका.

तेव्हापासून मी निवडताना तीन गोष्टी बघते. विषय मुलाच्या वयाचा हवा, थोडा वरचढ असला तरी उत्तम. पुस्तक अंगाने लहान हवं. आणि वाक्यं कानावर पडल्यासारखी, बोलण्यातली हवीत. यातली तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, कारण या मुलांचं मराठी कानात शाबूत आहे. जे डोळ्यांना जड जातं ते कानांना सहज कळतं. म्हणून माझं खरं उत्तर नावांआधी हेच असतं: पहिली वीस पानं तुम्ही वाचून दाखवा.

यावर पालक हमखास म्हणतात, "एवढ्या घोड्याला वाचून दाखवायचं?" हो, दाखवायचं. पुस्तकाची सुरुवात ही सगळ्यांत चढणीची जागा असते. माणसं नवी, गाव नवं, लेखकाची बोलण्याची ढब नवी. तेवढा चढ कुणी सोबत चढवला की पुढे गोष्ट स्वतःच ओढून नेते. माझ्या एका विद्यार्थिनीची आई हे गाडीत करायची. संध्याकाळी कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंत गाड्यांची रांग लागलेली, बाबा गाडी चालवतायत आणि आई पुढच्या सीटवर बसून मोठ्याने वाचतेय. चौथ्या दिवशी आईला ऑफिसचा फोन आला. ती बोलत असताना मुलीने मागून हात पुढे करून पुस्तक घेतलं आणि उरलेलं प्रकरण स्वतः वाचून काढलं. मला हे त्या आईनेच सांगितलं, आणि सांगताना तिचे डोळे भरून आले होते.

ते पुस्तक होतं मिलिंद बोकील यांचं 'शाळा', २००४ मधलं. नववीतल्या मुलांसाठी माझं सगळ्यांत हक्काचं. मुकुंद जोशी नववीत आहे, काळ आणीबाणीचा आहे, वर्गात शिरोडकर नावाची मुलगी आहे आणि अर्धवट बांधून पडलेल्या इमारतीत मित्रांचा अड्डा आहे. काही पालक हे पुस्तक वाचून माझ्याकडे काळजीने आले, त्यात प्रेम आहे, शिव्या आहेत. मी त्यांना सांगितलं, मुलाच्या मनात जे चाललंय तेच छापलंय. आपल्या मनातलं कुणीतरी आधीच, आपल्याच भाषेत, इतकं जसंच्या तसं लिहून ठेवलंय हे कळणं मला त्या वयात फार मोलाचं वाटतं. मराठी ही आजीशी बोलायची आणि पेपरात सहा मार्कांचा निबंध लिहायची भाषा नाही, तर माझ्या आतल्या गडबडीचीही भाषा आहे, हे त्या मुलाला पहिल्यांदा तिथे उमगतं.

प्रकाश नारायण संतांच्या गोष्टींतला लंपन हा मुलगा मुकुंदाहून लहान, पण त्याच्या गोष्टी मी मुद्दाम मोठ्या मुलांना देते. 'वनवास' १९९४ मध्ये आलं, मागून 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. सीमाभागातली, कानडीचा वास असलेली मराठी. ठाण्यातल्या मुलाने ती गुपचूप वाचायला घेतली तर पहिल्या पानावरच पुस्तक मिटतो. मोठ्याने वाचली की हसू लागतो. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलाचं एकटेपण त्या हसण्याखालून हळूहळू वर येतं. हे पुस्तक वाचून दाखवताना माझाच आवाज दोन-तीन जागी अजून अडकतो.

मुलींच्या आया विचारतात तेव्हा मी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' सांगते, आणि खरं तर ते मुलांनाही तितकंच देते. पुस्तक जाड आहे, माझ्या नियमात बसत नाही. पण कुठलंही प्रकरण उघडून वाचता येतं आणि बाई समोर बसून बोलतायत असं वाटतं. सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाची हकिगत आहे. ती मी गेल्या वर्षी दहावीच्या मुलांना वाचून दाखवली. एक मुलगी पटकन म्हणाली, "लॉकडाउनमध्ये आमच्याकडे हेच चाललं होतं. आई दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायची." मग बाकीचेही बोलायला लागले, भीतीने माणूस कसा वागतो यावर आमचा अख्खा तास गेला. एकोणिसाव्या शतकातलं घर आणि वसंत विहारमधला फ्लॅट त्या तासाभरात जवळ आले. आईवडिलांना घाबरलेलं पहिल्यांदा तेव्हा पाहिलं, असं एक मुलगा हळूच म्हणाला. तो एरवी वर्गात बोलत नाही.

आयआयटीच्या क्लासला जाणाऱ्यांकडे वेळ नसतो. त्यांना जयंत नारळीकरांच्या गोष्टी द्या, 'यक्षांची देणगी'पासून सुरुवात करा. एका बैठकीत एक गोष्ट होते. त्यासोबत मी एक खरी हकिगतही सांगते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही गोष्ट 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतलेली प्रत. पहिलं बक्षीस मिळालं. जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाला आपली गोष्ट नावाशिवाय उभी राहते का हे बघायचं होतं, हे ऐकून मुलं पुस्तक मागून घेतात.

सोळाच्या आसपास दया पवारांचं दलित आत्मकथन 'बलुतं'. १९७८ मधलं हे पुस्तक मी मुलाच्या हाती देण्याआधी आईबाबांना वाचायला सांगते. कारण ते वाचल्यावर मुलं घरात प्रश्न विचारतात: आपली जात कोणती, आपल्या गावात विहिरी वेगळ्या होत्या का, आजोबा काय करायचे. या प्रश्नांना "तुला काय करायचंय?" असं उत्तर मिळणार असेल तर थोडं थांबा, आधी आपली तयारी करा. पण मुलाला ते वाचू द्या. हा समाज कशावर उभा आहे हे न कळता त्याला अठरा वर्षांचं होऊ देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या मी या वयात सुचवत नाही. वेग आला की त्या येतीलच. थोरांची चरित्रंही बक्षीस समारंभापुरती ठीक. पानाआड "बघ, नाहीतर तू" असं कुणी म्हणत असेल तर मुलांना ते लगेच कळतं.

पैसे खर्च करायची गरज नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. धाकट्या भावंडांना ते पुरतात. आणि आपल्याकडे मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. ज्या गावात एवढं जुनं ग्रंथालय आहे, त्या गावातल्या मुलाने ते आतून पाहिलेलं नसावं याचं मला वाईट वाटतं. सुट्टीच्या दिवशी घेऊन जा. त्याला कपाटांमध्ये एकट्याला सोडा, तुम्ही बाहेर थांबा. त्याने भुताचं पुस्तक उचललं तर भुताचं घेऊ द्या. अर्धवट टाकलं तरी रागावू नका, दुसरं आणा.

आता तुमच्या मुलाचं. तुम्ही म्हणालात, तो रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर जंगली प्राण्यांचे व्हिडिओ बघतो. मग त्याला 'शाळा' नको, आधी व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' द्या. बारीकसं पुस्तक आहे, वानरांच्या टोळीतल्या सत्तेच्या लढाईचं. त्यात माणूस शहाणपण सांगायला येत नाही. टोळीचा म्होरक्या म्हातारा होतो, बाहेरचे नर येतात, पुढे जे होतं ते पाहून अंगावर काटा येतो. तुम्ही येऊरच्या पायथ्याशी राहता, गच्चीवर माकडं येतात, त्याला वेगळं काही समजावायला लागणार नाही. पहिली दहा पानं मात्र तुम्हीच वाचा, जेवणं झाल्यावर, दिवा त्याच्याच खोलीतला लावून. तो मोबाइल बघत राहिला तरी थांबू नका, वाचत राहा.

माझ्याकडे प्रत आहे. कव्हर सुटलंय, पण पानं सगळी आहेत. शनिवारी चारनंतर मी घरी असते, त्यालाच घ्यायला पाठवा.