दोन सेकंद

गेल्या हिवाळ्यातली जिल्ह्याची जिम्नॅस्टिक्स स्पर्धा. रिंग्जवर, म्हणजे टांगलेल्या दोन कड्यांवर, काठिण्याचे गुण लिहायला मी एकटाच होतो. मोठ्या स्पर्धेत या कामाला दोन पंच असतात, पण आमच्या दुसऱ्या पंचांना ऐनवेळी व्हॉल्टवर, म्हणजे उडीच्या प्रकारावर, पाठवलं होतं.

सहावा मुलगा मल्लखांबातून आलेला. खांद्यांवरूनच कळत होतं. रिंग्ज जमिनीपासून 2.80 मीटरवर, त्यामुळे सरांनी त्याला उचलून लटकवलं. सपोर्टला आला, म्हणजे हात सरळ ठेवून रिंग्जच्या वर, आणि मग हात सावकाश उघडत क्रॉसमध्ये उतरला.

क्रॉस म्हणजे कोपर ताठ ठेवून दोन्ही हात आडवे धरायचे. सगळा भार छातीवर, पाठीवर आणि कोपराच्या आतल्या बाजूला येतो. पोरं महिनोन्‌महिने पायाखाली सायकलची ट्यूब घेऊन तो शिकतात. 1956 आणि 1960 च्या ऑलिंपिकमध्ये रिंग्जचं सुवर्ण जिंकणारा आल्बर्ट अझारियन क्रॉस धरून शिवाय अंगही वळवायचा. आमच्याकडे नुसता स्थिर लागला तरी पोरं हॉल डोक्यावर घेतात.

नियम 2 सेकंदांचा. हातात घड्याळ नसतं. शरीर थांबलं की पंच मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ मोजतो. कमी थांबला तर 0.3 कापतात, पण क्रॉस झाला असं मानतात. थांबलाच नाही तर क्रॉसचे 0.2 सुद्धा जातात.

आम्ही कागदाकडे न बघता प्रत्येक कृतीचं चिन्ह काढतो. नेमकं तेव्हाच पेन उठेना. मी खाली बघितलं, कोपऱ्यात दोन रेघोट्या मारल्या. मान वर केली तर रिंग्जच्या तारा थरथरत होत्या आणि हात कलायला लागले होते. ‘एक हजार’ एवढंच मोजून झालं. चिन्हावर काट मारली. शेजारच्या एक्झिक्युशनच्या, म्हणजे सफाईचे गुण देणाऱ्या, पंचांना विचारता आलं असतं. मला विचारायचं नव्हतं, एवढंच खरं.

मुलगा चौथा आला, 0.15 नी मागे.

जेवणाच्या सुट्टीत त्याच्या सरांनी मोबाइल पुढे केला. तक्रार करायची मुदत केव्हाच संपली होती, ते त्यांनाही माहीत होतं. ‘‘फक्त बघा सर,’’ म्हणाले. व्हिडिओ कुणी बाजूनं काढलेला, गुडघ्याखालचं काहीच त्यात आलं नव्हतं. पण हात दिसत होते. मी तीनदा मोजलं. दोन पुरते भरत होते, वर थोडं उरत होतं.

मुलगा पायरीवर बसून तळहातावरची वाळलेली मॅग्नेशियम पावडर नखानं खरवडत होता. मी म्हटलं, ‘‘क्रॉस लागला होता रे. चूक माझी.’’

त्यानं मान हलवली. मग विचारलं, ‘‘सर, पाय जुळलेले होते का? शेवटी सुटतात माझे.’’

मी ते पाहिलंच नव्हतं.