बाबांच्या डब्याचा रंग काढताना

बाबांनी हाताने केलेला रेल्वेचा छोटा डबा, मॉडेल रेल्वेच्या एचओ मापाचा. म्हणजे खऱ्याच्या १/८७, लांबी साधारण साडेचोवीस सेंटीमीटर. तळ आणि बाजू प्लायच्या, छत पत्र्याचं, दोन्ही टोकं प्लास्टिकची, दारातले दांडे पितळी तारेचे, बोग्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटी, जस्ताच्या ओतकामाच्या. त्यावर ऑइल पेंटचे चार थर, इतके जाड की खिडक्यांच्या कडाच बुजल्या होत्या.

छत आणि बोग्या सुट्या केल्या, त्यांचं काम एका संध्याकाळी उरकलं. जस्ताला कॉस्टिक सोडा मात्र लावू नका, धातूच खातो.

अडलं ते टोकांपाशी. पुण्यात रविवार पेठेतल्या एका दुकानात "प्लास्टिकवर चालेल असंच द्या" हे तीनदा सांगून थिनर आणला. आधी टोकाच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकला म्हणून वाचलो. बघता बघता चकाकी गेली, बोट टेकवलं तर ठसा उमटला. टोकांचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन, ते अशा थिनरमध्ये विरघळतं. परत जाऊन विचारलं तर उत्तर, "सगळे हाच नेतात." त्याचा राग अजून गेलेला नाही. माहीत नसेल तर तसं सांगावं ना!

मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या दुकानात ७० टक्क्यांचं मिळालं. उरलेलं पाणी प्लायने ओढलं आणि एक कड फुगली. ९९ टक्क्यांचं शेवटी तपकीर गल्लीत मिळालं, तिथे ते सर्किट बोर्ड पुसायला वापरतात. तरी डबा त्यात बुडवता येईना, कारण टोकं प्लायला पांढऱ्या गोंदाने चिकटवलेली आणि तो गोंदही अल्कोहोलने मऊ पडतो.

शेवटी कापसाची पट्टी भिजवून टोकावर ठेवली, सांध्यापासून तीन-चार मिलिमीटर अलीकडे, आणि वाळू नये म्हणून वर पातळ प्लास्टिक गुंडाळलं. वीस मिनिटांनी उघडलं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. उदबत्तीच्या काडीला टोक काढून तो उचलला. ब्लेडने ओरखडे पडतात. रोज रात्री छोटासा एक चौकोन. दोन टोकांना बारा रात्री लागल्या.

सांगायचं राहिलं, जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कोरडा पॉलिशपेपर घासू नका. अल्कोहोल पटकन पेट घेतं. मी गॅलरीत, हातमोजे घालून बसायचो.

वरचे थर निळे होते, अगदी खालचा विटकरी लाल. नव्वदच्या दशकात रेल्वेने विटकरी डबे निळे करायला घेतले, तेव्हा बाबांनीही आपला डबा बदलला असणार. तळाखाली बोटाएवढी जागा मुद्दाम न खरवडता ठेवली आहे, तो लाल जुळवायला. प्रायमरला दमट हवा चालत नाही, त्यामुळे डबा सध्या सुती कापडात गुंडाळून कपाटात आहे, पाऊस सरेपर्यंत.