हम नव्हता, म्हणूनच शंका आली

दुपारी दोनला पुण्यातल्या एका सभागृहात बॅकलाइन, म्हणजे वादकांचे स्टेजवरचे अँप आणि सामान, लावत होतो. गिटारवाल्याला स्टिरिओ रिग, म्हणजे डावा-उजवा असे दोन अँप, हवी होती. स्टेजच्या उजव्या बाजूला भाड्याने आणलेला रोलंड जेसी-१२० हा गिटार अँप. डाव्या बाजूला त्याचा स्वतःचा २२ वॉटचा अमेरिकन व्हॉल्व्ह कॉम्बो, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच पेटीत. तो १२० व्होल्टवर चालणारा, म्हणून त्याच्या मागे व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. मधल्या पेडलबोर्डवर आवाज फाडणारा ओव्हरड्राइव्ह, मग आवाज डुलवणारा स्टिरिओ कोरस, मग प्रतिध्वनी देणारा स्टिरिओ डिले. डिलेच्या दोन आउटपुटांतून दोन केबल दोन अँपना.

दोन्ही अँप मी एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतो. मोठ्या हॉलमध्ये स्टेजच्या दोन बाजूंचे सॉकेट वेगवेगळ्या फेजवर असू शकतात आणि दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात. तेवढे व्होल्ट एका गिटारच्या दोन टोकांना नेऊन ठेवायचे नसतात. सॉकेट आधी मीटरने तपासलं: फेज ते अर्थ, म्हणजे अर्थिंगची तार, २३२, न्यूट्रल ते अर्थ दीड व्होल्ट. अर्थ चांगली होती. दोन्ही केबल लावल्या, अँप चालू केले आणि कान दिला. अगदी शांत, हम म्हणजे स्पीकरमधली घूं घूं अजिबात नाही.

गिटारवाला खूश झाला. मला मात्र ती शांतता खटकली. दोन अर्थ केलेले अँप एका पेडलबोर्डला थेट जोडले की अर्थचे दोन रस्ते तयार होतात. एक बोर्डातल्या हिरव्या तारांमधून, दुसरा ऑडिओ केबलच्या शिल्डमधून, म्हणजे तिच्या बाहेरच्या विणलेल्या तारेतून. या वेटोळ्यात आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं आणि वायरिंगचं चुंबकीय क्षेत्र थोडासा करंट फिरवतं. तो शिल्डमधून जाताना सिग्नलमध्ये मिसळतो, आणि ५० हर्ट्झचा हम त्याच्या वरच्या पटींसकट स्पीकरमधून येतो. मध्ये दोन बाजू वेगळ्या करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसताना हम येत नसेल, तर अर्थ कुठे तरी तुटलेली नाही ना, ही शंका घ्यायची.

जेसीची केबल काढून शोधायला लागलो. तेवढ्यात गिटारवाल्याने गिटार गळ्यात असतानाच माइक स्वतःकडे ओढला आणि हात झटकला. ‘‘दादा, मुंग्या आल्या.’’ त्याला गिटार खाली ठेवायला सांगितली आणि मीटर लावलं. एक टोक गिटारच्या तारांना, दुसरं माइकच्या जाळीला. ५२ व्होल्ट.

स्टेप-डाउनची पेटी उलटी करून पाहिली. भिंतीकडच्या वायरीला तीन पिन होत्या आणि हिरवी तार पेटीच्या पत्र्याला नीट बोल्ट केलेली होती. पण अँपसाठी बाहेर जे सॉकेट होतं, त्याला फक्त दोन चपट्या खाचा. अँपच्या प्लगची तिसरी गोल पिन त्यात जात नाही, म्हणून मध्ये तीनाचे दोन करणारा अॅडॅप्टर लावलेला. भिंतीपासून आलेली अर्थ पेटीच्या पत्र्यापर्यंत येऊन थांबली होती. अँपची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, मोकळीच.

चासी मोकळी असली की अँपच्या मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांमधून थोडं व्होल्टेज झिरपून तिच्यावर येतं. त्यातून वाहू शकणारा करंट फार बारीक असतो, म्हणून नुसत्या मुंग्या. पण त्याच ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन एक दिवस गेलं, तर चासीवर पूर्ण व्होल्टेज येतं. ते अर्थमध्ये वाहून न्यायला तारच नसल्यामुळे फ्यूजही उडत नाही. शिवाय अशा पेट्या बहुधा ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात. आत एकच वेटोळं असतं, म्हणजे अँप मेन्सपासून वेगळा झालेलाच नसतो. मग गिटारवाल्याचा हात तारांवर, ओठ माइकवर, आणि करंटला जायचा रस्ता त्याच्या छातीतून.

दोन्ही केबल लागलेल्या असताना हे कळलं कसं नाही? कारण तेव्हा व्हॉल्व्ह अँपला अर्थ मिळत होती ती जेसीकडून: अँपच्या इनपुट जॅकमधून, केबलच्या शिल्डमधून, डिले पेडलच्या पत्र्यातून आणि दुसऱ्या केबलमधून. एका माणसाचा जीव पॅच केबलच्या विणलेल्या शिल्डवर टांगलेला होता. ती शिल्ड सिग्नलसाठी असते, फॉल्टचा करंट पेलण्यासाठी नाही. आणि कार्यक्रमात केबल ओढली जाते, कुणाचा तरी पाय पडतो, जॅक निघतो.

सोपा वाटणारा उपाय लगेच सुचवला गेला: अँपचा प्लग कापून आपला तीन पिनी लावा. ते मी कधीच करत नाही. आपला प्लग असलेला १२० व्होल्टचा अँप आज ना उद्या कुणी तरी सरळ भिंतीत खुपसतो. माझ्या पेटीत तीन खाचांचं अमेरिकन सॉकेट होतं. स्टेप-डाउन भिंतीतून काढला, झाकण उघडलं आणि जुनं सॉकेट काढून नवं बसवलं. पत्र्याच्या बोल्टपासून नव्या सॉकेटच्या अर्थ टर्मिनलपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची हिरवी तार नेली. वेळ कमी होता, म्हणून तार सध्या स्क्रूखाली वळवून पक्की आवळली. चालू करण्याआधी कंटिन्युइटी पाहिली. अँपच्या चासीपासून भिंतीच्या प्लगच्या जाड पिनेपर्यंत अर्ध्या ओहमच्या आत. मग आउटपुटचं व्होल्टेज, ११८. पुन्हा तारा आणि माइकची जाळी यांच्यात मीटर लावलं, तेव्हा आकडा शून्याला टेकला.

अशा पेटीवर लिहिलेले व्हीए, म्हणजे तिची क्षमता, अँप भिंतीतून जेवढे वॉट ओढतो असं त्याच्या मागे लिहिलेलं असतं त्याच्या निदान दीडपट असावेत. पेटी व्होल्टेज उतरवते, फ्रिक्वेन्सी ५० ची ५०च राहते. ६० हर्ट्झसाठी बांधलेल्या अँपचा ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे जास्त तापतो, म्हणून त्याच्या मागे हवा खेळायला वीतभर जागा सोडली.

आता दोन्ही केबल लावल्या आणि हम आला. यायलाच हवा होता. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेला, हम तेवढाच. कोणतीही एक केबल काढली की बंद, दोन्ही लावल्या की परत. म्हणजे अर्थचं ते वेटोळं, लूपच.

लूप तोडायचा तो सिग्नलच्या बाजूने, अर्थच्या बाजूने कधीच नाही. डिलेच्या डाव्या आउटपुटनंतर, व्हॉल्व्ह अँपच्या आधी, १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावला. यात इकडची शिल्ड तिकडच्या शिल्डला लागत नाही. सिग्नल चुंबकत्वाने पलीकडे जातो आणि दोन्ही अँपची आपापली अर्थ शाबूत राहते. ही पेटी घरी बांधणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे दोन्ही जॅक एकाच धातूच्या डब्यावर बसवणं. जॅकची बाही, म्हणजे शिल्डला जोडलेला बाहेरचा भाग, डब्याला लागते आणि तोडलेला लूप डब्यातून पुन्हा जुळतो. एक जॅक तरी प्लास्टिकच्या वॉशरवर हवा. ट्रान्सफॉर्मर बफर (सिग्नलला जोर देणारं सर्किट) असलेल्या पेडलनंतरच लावावा, पिकअपनंतर थेट लावला तर वरचा आवाज दबतो. आणि गिटार जेसीच्या बाजूने सरळ अर्थ झालेली असल्यामुळे तारा मोकळ्या राहत नाहीत.

हम गेला, पण मागे एक बारीक भुणभुण उरली. केबल बदलून पाहिल्या, फरक नाही. मग ऑडिओ ट्रान्सफॉर्मरची पेटी हातात घेऊन हळूहळू फिरवली. एका कोनात भुणभुण वाढत होती, दुसऱ्यात जवळजवळ नाहीशी होत होती. ती पेटी पेडलबोर्डच्या पॉवर सप्लायला चिकटून बसली होती. फूटभर लांब नेली, आडवी केली, वेल्क्रोने चिकटवली. शांत. या वेळची शांतता खरी होती.

मग गिटारवाल्याला म्हटलं, सगळी इफेक्ट्स बंद कर, जाड ई तार तळहाताने दाबून वाजव. मी दोन्ही अँपच्या बरोबर मध्ये, तीन मीटर पुढे उभा राहिलो. एकेक अँप वेगळा ऐकला तर दोन्ही भरदार. एकत्र ऐकले तर आवाज मोठा पण पोकळ, खालचा गाभाच नाही, आणि नेमका कुठून येतोय ते सांगता येईना. पोलॅरिटी उलटी. एका अँपच्या स्पीकरचा कोन, म्हणजे कागदी पडदा, पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. जाड ई तार ८२ हर्ट्झची, तिची लाट चार मीटरहून लांब. म्हणून मध्ये उभ्या माणसासाठी खालचे सूर एकमेकांना खातात. वरच्या सुरांच्या लाटा लहान असल्यामुळे ते विस्कटतात, पण उरतात.

गिटारवाल्याने सांगितलं होतं की कॉम्बोचा स्पीकर मध्यंतरी बदलला आहे. अँप बंद केला, स्पीकरचा जॅक चासीतून काढला. व्हॉल्व्ह अँप स्पीकरशिवाय क्षणभरही चालू ठेवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. चासी उघडायची गरज नव्हती आणि उघडलीही नाही. आतल्या कपॅसिटरांत अँप बंद केल्यावरही ४०० व्होल्ट साठलेले असू शकतात. एक पेन्सिल सेल घेतला. धन टोक जॅकच्या टोकाला, ऋण टोक बाहीला, क्षणभर टेकवलं. जाळीतून बॅटरीचा झोत मारून सगळे कोनकडे पाहत होतो. टक् झालं आणि कोन आत गेला. बाहेर यायला हवा होता. स्पीकर बदलताना लाल खुणेच्या टर्मिनलला काळी तार गेली होती. हा अँप एकटा वाजत असता तर ही चूक कधीच कळली नसती. तारा अदलाबदल केल्या, पुन्हा सेल टेकवला, कोन बाहेर आला. जॅक लावून अँप चालू केला आणि तीच दाबलेली ई तार वाजली तेव्हा स्टेजच्या फळ्यांतून पायाला कळली.

स्पीकर बरोबर असूनही पोलॅरिटी उलटी निघू शकते, कारण प्रत्येक अँपमध्ये सिग्नल किती वेळा उलटतो ते त्याच्या सर्किटवर ठरतं. फेंडर कंपनीच्या साठच्या दशकातल्या एबी७६३ सर्किटमध्ये नॉर्मल आणि व्हायब्राटो ही एकाच अँपची दोन चॅनेल एकमेकांना उलटी आहेत, व्हायब्राटोला एक जास्तीची पायरी असते म्हणून. अशा वेळी स्पीकरच्या तारांना हात न लावता ऑडिओ ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवरचा पोलॅरिटीचा खटका फिरवावा.

आवाज जुळवताना नॉबच्या आकड्यांना काही महत्त्व नसतं. १२० वॉट आणि २२ वॉट यांत कमाल आवाजाचा फरक साडेसात डेसिबलच्या आसपास असतो. व्हॉल्व्ह अँप त्याच्या गोड जागी, जोरात छेडलं की किंचित फाटेल इतका ठेवला, आणि जेसी त्याच्याशी कानाने जुळवला. जेसीचा स्वतःचा कोरस बंद केला. १९७५ पासूनच्या या अँपची खुबी हीच की आत दोन वेगळे ६० वॉटचे अँप आणि दोन स्पीकर आहेत. कोरस चालू असताना एका स्पीकरमधून साधा आवाज येतो, दुसऱ्यातून डुलणारा, आणि दोन्ही हवेत मिसळतात. आज त्याला फक्त उजवी बाजू सांभाळायची होती. शिवाय एकाच स्पीकरला माइक लावला तर तो कोरस अर्धाच बाहेर जातो.

साउंडचेकला साउंडवाला म्हणाला, ‘‘गिटारचा कोरस येतच नाही.’’ स्टेजवर तर सुंदर पसरत होता. हॉलची सिस्टीम मोनो होती, म्हणजे डावा-उजवा मिळून एकच आवाज. काही कोरस पेडल डाव्या आउटपुटला साधा अधिक डुलता आवाज देतात आणि उजव्याला साधा उणे डुलता. हवेत ते रुंद वाटतं. मिक्सरमध्ये दोन्ही समान बेरजेत आले की डुलणारा भाग जवळपास पूर्ण कटतो आणि साधा आवाज दुप्पट होतो. उपाय म्हणून कोरसचं एकच आउटपुट डिलेमध्ये घेतलं. स्टिरिओ फक्त डिलेचा ठेवला: मिनिटाला ९२ ठोक्यांच्या लयीला डावीकडे ४८९ मिलिसेकंद, उजवीकडे ६५२. डिलेचे ठोके मोनोतही ऐकू येतात.

अँपसमोरचे माइकही तपासले. एक जाळीपासून ५ सेंटिमीटरवर होता, दुसरा २२ वर. १७ सेंटिमीटरचा फरक म्हणजे अर्धा मिलिसेकंद, आणि बेरजेत १००० हर्ट्झच्या आसपास पहिला खड्डा, म्हणजे गिटारच्या ऐन आवाजातच. दोन्ही ५ वर आणले, कोनच्या मध्यावरून किंचित बाजूला. तरीही साउंडवाल्याला म्हटलं, जेसीचा फेडर वर ठेवा आणि व्हॉल्व्हचा बराच खाली. कडेच्या खुर्चीतल्या माणसाला जवळचा अँप आधी ऐकू येतो, मग ३० मिलिसेकंदांच्या आत दुसरा तेवढ्याच जोराने आला तरी कान आवाज पहिल्याचाच मानतो. स्टिरिओचा आनंद मधल्या काही रांगांचा. बाकीच्यांना किमान पूर्ण गिटार मिळायला हवी.

रात्री साडेदहाला, लोडिंग सुरू असताना, स्टेप-डाउनची पेटी पुन्हा उघडली. दुपारी घाईत वळवलेली हिरवी तार काढली, तिच्या दोन्ही टोकांना थिंबल (तारेवर दाबून बसवायच्या धातूच्या कड्या) दाबले, पत्र्यावरचा रंग खरवडून चकचकीत धातूवर स्टार वॉशर घातला आणि बोल्ट आवळला. बाकी दोन तारा बेताच्या ठेवल्या, हिरवी दोन बोटं लांब. पेटीवर वायर ओढली गेलीच, तर आधी त्या दोघी सुटतील आणि हिरवी शेवटी.