तारवाला सायकल कॉम्प्युटर

जीपीएसवाला घ्यायचा मोह झाला होता, पण मला हवं काय? वेग, अंतर, घड्याळ. बस. शिवाय सतत चार्जिंगला लावायची आणखी एक वस्तू नको होती. याचा बटण सेल महिनोन्महिने चालतो.

बसवताना मात्र घाम निघाला. स्पोकवर चुंबक, फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) सेन्सर, मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट. चाक गरगर फिरवलं, आकडा शून्यच. अर्धा तास तार चाचपत बसलो. चुंबक सेन्सरवरच्या रेघेच्या चांगला बोटभर वरून जात होता! खाली सरकवला आणि आकडे पळायला लागले.

अंतर मोजायला कॉम्प्युटरला चाकाचा घेर सांगावा लागतो. तो भरताना आळस नडला. तक्त्यातला २१०५ मिलिमीटर टाकून मोकळा झालो, तो ७००×२५ टायरचा, म्हणजे २५ मिलिमीटर रुंद. माझे टायर ३८चे. म्हणजे ५० किलोमीटर मारले की दीड किलोमीटर गायब! मग व्हॉल्व्ह खाली आणून खडूची खूण केली, सायकलवर बसूनच चाक एक फेरा पुढे नेलं, पुन्हा खूण. टेपवर आले २१७२ मिलिमीटर.

तार ब्रेकच्या केबलला गुंडाळत वर न्या, पण हँडल पूर्ण वळेल एवढी ढील ठेवा. माझी पहिली तार ताणूनच तुटली.