आधी समोरच्याला

परदेशात गाडी भाड्याने घेणार म्हटलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘तिकडे उजवीकडून चालवतात ना गं?’ न्यूझीलंडमध्ये नाही. स्टिअरिंग आपल्यासारखं, बाजू आपल्यासारखी आणि इंग्रजीत छापलेलं आपलं लायसन्सही चालतं. त्यामुळे पुण्यामुंबईचा माणूस तिथे अगदी बिनधास्त किल्ली हातात घेतो. खरी गोम इथेच आहे. हातापायांना नवं काही शिकावं लागत नाही, म्हणून डोकंही सिंहगड रोडवर असल्यासारखं वागायला बघतं.

काउंटरवरचा करार मात्र वाचण्यासारखा असतो. विम्यातून काय भरून मिळेल ते दोन ओळींत आणि काय मिळणार नाही ते दोन पानांत. टायर, गाडीचं छत, पोटाखालचा भाग, चुकीचं इंधन भरलं तर इंजिन. शिवाय कुठल्या रस्त्यांवर गाडी न्यायची नाही त्याची यादी. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यनचा रस्ता त्यात हमखास असतो आणि उत्तरेकडचा नाइन्टी माइल बीचही. हा समुद्रकिनारा कागदोपत्री चक्क रस्ता आहे, पण तुमची गाडी भाड्याची असेल तर तिथे जायचं नाव काढायचं नाही. आणि तो नव्वद मैल तर नाहीच, जेमतेम पंचावन्न भरतो. गाडीला काही झालं तर पहिला मोठा खर्च आपला. त्याला तिथे एक्सेस म्हणतात आणि तो कमी करायचा तर रोजचं भाडं वाढतं. माणसाला लागलं तर मात्र उपचारांचा बराचसा खर्च १९७४ पासून सरकारी योजना उचलते, पर्यटक असला तरी. आणि थर्ड पार्टी विमा सक्तीचा नाहीच! सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘म्हणजे माणूस फुकट आणि काच विकत.’

पेट्रोल पंपाबद्दल फार लिहीत नाही. ‘ताई, झिरो बघा’ म्हणणारं कोणी नसतं. आपणच नळी उचलायची, आपणच भरायचं. गाडी डिझेलची असेल तर रस्त्याचा कर किलोमीटरच्या हिशोबाने वेगळा. तो डिझेलच्या भावात धरलेला नसतो, त्यामुळे पंपावरचा स्वस्त आकडा बघून हुरळून जाऊ नये.

खरी शिकवणी सुरू होते ती दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर. वानाकाहून हास्ट खिंड ओलांडून हायवे नंबर सहाने वर निघालं की एकपदरी पूल लागायला लागतात. डोंगरातून उतरणाऱ्या नद्या भरपूर, गाड्या कमी, मग प्रत्येक नदीवर दुपदरी पूल बांधून पैसे कशाला घालवायचे, असा साधा हिशोब. हास्ट नदीवरचा पूल तर सातशे मीटरहून लांब आहे आणि तोही एकपदरीच. मधे दोन ठिकाणी तो थोडा रुंद केला आहे, समोरून कोणी आलंच तर बाजूला उभं राहायला.

अशा पुलाच्या अलीकडे पाटी असते. निळ्या चौकोनात पांढरा मोठा बाण वर आणि तांबडा छोटा बाण खाली, म्हणजे आधी तुम्ही. लाल वर्तुळात तांबडा छोटा बाण आपला आणि काळा मोठा समोरच्याचा, म्हणजे थांबा. ना सिग्नल, ना पोलीस, ना कॅमेरा. नवरा शेजारी बसून मोठ्याने वाचायचा, ‘आपला छोटा. थांब.’ आणि मी थांबायची. पलीकडून येणारी गाडी दूर ठिपक्याएवढी दिसत असली, मी सहज निघून जाईन एवढं अंतर असलं, तरी थांबायचं. सुरुवातीला हे भलतंच जड जातं. ‘अगं, गेली असतीस की,’ हे वाक्य मागच्या सीटवरून यायचंच.

आपल्याकडेही घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असा नियम आहे. वरंध घाटात समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांपैकी कोण मागे सरकतं, हे मात्र गाडी केवढी, आवाज कोणाचा मोठा आणि मागे एसटी उभी आहे का, यावर ठरतं. आपण वाट देतो ती नाइलाजाने, आणि दिल्यावर दिवसभर कुरकुरतो. तिथे पुलावरून येणारा माणूस जाताजाता स्टिअरिंगवरचं एक बोट वर उचलतो. हात हलवणं नाही, हसणं नाही, फक्त तर्जनी. तेवढ्यात आभार पोचतात. सासूबाईंना हे एक बोट काही पटेना. त्या मागच्या सीटवरून प्रत्येकाला दोन्ही हात जोडून नमस्कार करायच्या. काच बंद, गाडी गेलेली, तरी यांचा नमस्कार पूर्ण व्हायचा.

वेगाचंही असंच. पाटीवर १०० लिहिलेलं असतं, पण प्रत्येक अवघड वळणाआधी छोट्या पिवळ्या पाटीवर २५, ३५, ४५ असे पाचावर संपणारे आकडे येतात. ते सल्ल्याचे असतात, दंडाचे नाहीत. तरी ऐकलेलं बरं. आपण हळू चालवत असलो आणि मागे रांग लागली तर जागा बघून डावीकडे घ्यायचं आणि सगळ्यांना जाऊ द्यायचं. नाही घेतलंत तर मागचा हॉर्न मारणार नाही. तो स्टार ५५५ हा नंबर फिरवून पोलिसांना तुमच्या गाडीचा नंबर देईल. काही वर्षांपूर्वी तर दक्षिण बेटावर वैतागलेल्या स्थानिकांनी पर्यटकांच्या गाडीच्या किल्ल्याच काढून घेतल्याच्या घटना झाल्या. ते चूकच, पण एवढ्या शांत माणसांना तिथवर आणायचं म्हणजे पर्यटकांनीही बरेच कष्ट घेतले असणार.

मिलफर्ड साउंड म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी. तिकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही थांबण्याची कला पुरती मुरते. वाटेत होमर बोगदा लागतो, सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर. जागतिक मंदीत बेकारांना काम द्यायचं म्हणून १९३५ मध्ये खणायला घेतला, पुरा व्हायला १९५४ उजाडलं. आत अंधार, उतार आणि छतातून टपकणारं पाणी. उन्हाळ्यात गर्दीच्या वेळी बोगद्याच्या तोंडाशी सिग्नल असतो, एका वेळी एकाच बाजूची वाहतूक. हिवाळ्यात हा सिग्नल बंद ठेवतात, कारण बाहेर ताटकळलेल्या रांगेवर वरून हिमकडा कोसळायची भीती. पाऊस वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त, म्हणजे आंबोलीकरांनीच काय ते नाक मुरडावं.

त्या सिग्नलवर थांबलो की किआ येतात. हा तिथला डोंगरी पोपट. ऑलिव्ह हिरवा, पंखांखाली नारिंगी, चोच अडकित्त्यासारखी. जगात संख्या कमी उरलेली, म्हणून खायला घालायला सक्त मनाई. त्यालाही आपल्या खाऊची गरज नसते, कारण त्याचा खरा जीव गाड्यांच्या रबरावर. आमच्या टपावर एक बसला, तिथून उलटा लटकून त्याने काचेतून आत डोकावून पाहिलं आणि मग शांतपणे मागच्या दाराची रबरी पट्टी सोलायला घेतली. हाकलावा तर तो पक्षी संरक्षित, सोडावा तर गाडी परक्याची. सिग्नल हिरवा होईपर्यंत आम्ही आत बसून ती पट्टी एकेक बोट आखूड होताना बघत होतो आणि मनात एक्सेस मोजत होतो. थोडक्यात, पोपटाने आमचा पोपट केला.

गाडी परत करायला गेलो तेव्हा एक तरुण हातात टॅब घेऊन गाडीभोवती फिरला. चाकांजवळ वाकला, काच तिरपी बघितली, मागच्या दाराशी थांबला आणि लोंबणाऱ्या पट्टीवरून बोट फिरवलं. मी करारातली कलमं मनात जुळवत होते. त्याने वर बघून एवढंच विचारलं, ‘किआ?’

माझ्याआधी सासूबाईंनीच मान डोलावली. ‘हो,’ म्हणाल्या, ‘मेल्याने चांगली पाच मिनिटं खाल्लंन्.’ त्याला मराठी काय कळणार, पण त्याने टॅबवर खूण केली, किल्ली खिशात टाकली आणि पुढच्या गाडीकडे गेला.